भावाच्या कार्डावरचा पेशंट

संपादकांनी सांगितलं, सुरुवातीपासून लिहा. सुरुवातीत सांगण्यासारखं काही नाही. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या थोडं मागेपुढे मी भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलो आणि शरीर चालत होतं तोवर तिथंच राहिलो. कारध्याहून सायकलने पूल ओलांडून यायचं आणि दिवसभर पेशंटची गाडी ढकलायची, हे माझं काम. मिशा पांढऱ्या झाल्या तरी लोक ‘बॉय’ म्हणायचे, ते मला खपत नसे. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मामा म्हणा. मग मोठे डॉक्टरही रामटेके मामा म्हणू लागले.

शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथी नापास. मराठी अक्षर जुळवून वाचतो. डॉक्टर लोकांचं इंग्रजी अक्षर मात्र डॉक्टरांनाच वाचता येत नाही, तिथं माझं काय? पण गाडी ढकलण्यात माझ्यासारखा दुसरा माणूस त्या दवाखान्यात झाला नाही, हे मी लिहून देतो.

लोकांना वाटतं, त्यात काय आहे? चार चाकं, धक्का दिला की चालली. नाही. पेशंट पायाकडून पुढे न्यायचा, म्हणजे कुठं चाललो ते त्याला दिसतं आणि त्याचा चेहरा आपल्याला दिसतो. चढावर उलटं वळून डोकं वरच्या अंगाला ठेवायचं. सलाईन वर, लघवीची पिशवी खाली. गाडी थांबली की आधी ब्रेक, मग बाकीचं बोलणं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपण नेतो आहोत तो माणूस तोच आहे का? ही शेवटची गोष्ट मला कोणी शिकवली नाही. ती मी चुकून शिकलो.

नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी बायांच्या वॉर्डात दोन शांताबाई होत्या. एकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, दुसरी तापासाठी सलाईन घ्यायला आलेली. मी दारातून आवाज दिला, “शांताबाई, चला.” तापवाली उठली, पदर सारखा केला आणि गाडीवर जाऊन झोपली. मीही नेली. ऑपरेशनच्या दारात सिस्टरने फाईल उघडून वय विचारलं तेव्हा पितळ उघडं पडलं. सिस्टर मला जे बोलली ते इथं छापता येणार नाही.

परत आणताना मी त्या बाईला विचारलं, “बाई, तुम्ही काहून बोलल्या नाही? तुमचं ऑपरेशन नव्हतं ना?”

“तुम्ही म्हणले चला, म्हून मी आली,” ती म्हणाली. “एवढ्या मोठ्या दवाखान्यात आपण काय बोलावं जी?”

ती बाई दारापर्यंत गेली होती. दार उघडं असतं आणि सिस्टर घाईत असती तर काय झालं असतं, हे मनात आलं की मला अजून घास उतरत नाही. त्या दिवसापासून मी नियम केला. फाईल हातात असली तरी नाव मी उच्चारायचं नाही. पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नाव, बापाचं नाव, गाव. बोलता येत नसेल तर जवळच्या माणसाने सांगायचं. नर्सा हसायच्या. “मामा जनगणना करून राहिले,” म्हणायच्या. हसा म्हटलं.

बायांना मी नवऱ्याचं नाव विचारत नसे. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. लग्नाकार्यात उखाणा घेतला तर घेतला, नाहीतर ‘राजूचे बाबा’ किंवा नुसतं ‘ते’. पुरुषांच्या वॉर्डात जवळ बायको बसलेली असली की नाव काढायला मला अर्धा तास लागायचा. शेवटी ती बाजूच्या खाटेवाल्याला म्हणायची, “तुम्हीच सांगा ना जी यायचं नाव.” त्याला तरी कुठं माहीत असायचं?

उपाशीपोटीची भानगड रोजचीच. भूल दिल्यावर पोटात काही असेल तर ते वर येतं आणि छातीत उतरतं, माणूस त्यात जाऊ शकतो. म्हणून आदल्या रात्रीपासून काही द्यायचं नाही. पवनीकडचे एक म्हातारबा होते. सकाळी न्यायला गेलो तर उशीखाली चिवड्याची पुडी आणि मिशीत शेंगदाण्याचं फोलपट.

“बाबाजी, काही खायचं नाही म्हणून सांगतलं होतं ना?”

“जेवलो कोठी?” ते म्हणाले. “चिवडा खाल्लो. भात खाल्ल्याबिगर जेवण होते का?”

त्यांचं ऑपरेशन पुढं ढकललं. मला त्यांनी तीन दिवस तोंड दाखवलं नाही, चौथ्या दिवशी घरी जाताना मात्र उरलेला चिवडा देऊन गेले.

असं चाललं होतं, आणि मग सरकारची विमा योजना आली. या योजनेला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, मी त्यातला नाही. पूर्वी मी गाडी घेऊन फाटकाशी जायचो, माणूस उतरवायचा, खर्चाचा आकडा ऐकायचा आणि तोच माणूस तसाच परत ऑटोत भरून द्यायचा. ते बंद झालं. राशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन यायचं. दारातच योजनेचं टेबल, त्यावर आरोग्यमित्र म्हणून एक जण बसतो, तो कॉम्प्युटरमध्ये नाव पाहतो, कागद वर पाठवतो, मंजुरी आली की ऑपरेशनची तारीख. आमच्या टेबलावर वैशाली नावाची मुलगी होती. स्वभावाने कडक, कामात चोख.

पण कार्ड म्हणजे काय, हे लोकांना उमजायला वेळ लागला. आमच्याकडे भाताच्या रोवणीच्या दिवसात एकाची बैलजोडी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे शेतात, जाते. यात लबाडी नाही, हीच रीत आहे. तसंच कार्डाचं झालं. तुझ्याकडे नाही ना, माझं घेऊन जा. देणाऱ्याला वाटायचं आपण पुण्य केलं.

दामोदरचं असंच झालं. पण तेव्हा तो मला दामोदर म्हणून माहीत नव्हता. पोटात पित्ताची पिशवी असते, तिच्यात खडे झाले होते आणि पिशवी काढायची होती. फाईलवर नाव हरिदास. गाव साकोलीच्या पलीकडे, आतल्या बाजूला. सोबत बायको आणि एक भाऊ. सकाळी नऊची वेळ असेल. मी गाडी खाटेला लावली आणि रोजच्यासारखं विचारलं, “नाव सांगा भाऊ.”

त्याला दुखत होतं. डोळे मिटून, पोटाशी हात घेऊन पडला होता. मी बायकोकडे वळलो. पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू.

“बाई, यांचं नाव?”

“हरिदास,” ती म्हणाली.

अडखळली नाही, लाजली नाही, बाजूच्या खाटेकडे पाहिलं नाही. पोपटासारखं एका दमात, “हरिदास.”

मी चादर सारखी करत होतो, तो हात तिथंच थांबला. इतकी वर्षं मी बायांच्या तोंडून नवऱ्याचं नाव काढता काढता थकलो, आणि ही बाई घरच्या पोराचं नाव घ्यावं तसं घेऊन मोकळी?

“तुम्ही यांच्या कोण लागता?”

“बायको ना जी.”

“आणि हे?” मी थर्मास घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं.

“माये भाऊजी. लहान देर.”

“त्यांचं नाव काय?”

आता बाई थांबली. देराचं नाव घ्यायला काही अडचण नसते, वहिनी देराला नावानेच हाक मारते. पण ती थांबली. देराने खिडकीबाहेर पाहिलं. मला कळायचं ते कळलं.

इतक्यात वरून सिस्टरची हाक आली, “मामा, पेशंट आणा.” मी आणि देराने मिळून त्याला गाडीवर घेतलं. पण मी निघालो नाही. ब्रेक लावला आणि वाकून त्याच्या कानाशी बोललो.

“भाऊ, तुमचं खरं नाव सांगा. आत गेल्यावर तुमची जबान बंद होते. मग मी कोणाले विचारू?”

“हरिदास,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“बरं हरिदास. काही बीमारी? शुगर, बीपी, छातीचं काही?”

“नाही.”

बायकोने पदराचं टोक तोंडात धरलं. मी पाहिलं. मी गाडीच्या डोक्याशी तसाच उभा राहिलो. सिस्टरने दोनदा हाक मारली, मग जिन्याने खाली आली, मग व्यवस्थापक आले. हे व्यवस्थापक चांगले माणूस होते, पण त्यांचा जीव फाईलमध्ये.

“मामा, डॉक्टर हात धुऊन तयार आहेत. काय झालं?”

“साहेब, हा माणूस हरिदास नाही असं मले वाटते.”

“मंजुरी आली आहे, फोटो आहे, सही आहे. कागद बरोबर आहे.”

“कागदाचं ऑपरेशन होऊन नाही राहिलं ना जी.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. चौथी नापास.”

“मग सोडा गाडी. दुसरा माणूस नेईल.”

“गाडी माझ्या ताब्यात हाये. खरं नाव ऐकल्याबिगर हलत नाही.”

आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा नव्हतं. माझा अंदाज चुकला असता तर नोकरी गेली असती आणि ती जायलाच हवी होती. एका बाईने नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून मी ऑपरेशन अडवतो, हे कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मी व्यवस्थापकांकडे पाठ केली आणि बाईला म्हणालो, “माय, मी तुमचं कार्ड पकडायले उभा नाही. ते पकडणारे लोक वेगळे हायेत. तुमच्या माणसाले आत काही झालं तर हरिदासचं नाव कागदावर मरंल, पण मानूस तुमचा मरंल.”

ती मटकन खाली बसली.

“रोजची गोळी हाये जी,” ती म्हणाली. “दोन सालाआधी नागपूरले छातीत नळी टाकली यायच्या. तेव्हापासून रगत पातळ ठेवाची गोळी देतो. आज सकायी बी दिली. घोटभर पान्यासंग.”

“आन विचारलं तेव्हा नाही काहून म्हणले?”

“भाऊजीले काही बीमारी नाही ना. कार्डावर भाऊजी. फरक पडला तर पकडतीन म्हनून.”

थर्मासवाला, म्हणजे खरा हरिदास, भिंतीला टेकला. पडलेल्याचं नाव दामोदर. बाप होता तोवर दोघं एका राशन कार्डावर होते, नागपूरचा इलाज त्याच कार्डावर झाला. बाप गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या. जुनं कार्ड हरिदासकडे राहिलं, दामोदरचं नाव त्यातून कटलं आणि नवं कार्ड साकोलीच्या तहसीलमध्ये अडकलं. दोघं भाऊ तोंडाने सारखे. ओळखपत्रावरच्या फोटोत तर माणूस स्वतःलाही ओळखू येत नाही. तेव्हा अंगठ्याचं मशीन आमच्या टेबलावर नव्हतं.

भूल देणाऱ्या मॅडम तोवर जिन्यात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बाईकडून गोळीचं पाकीट मागितलं. बाईने ते कंबरेच्या बटव्यातून काढलं. मॅडमनी नाव वाचलं, डोक्यावरची टोपी काढली आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, “आज केस होणार नाही.”

मला त्यांनी नंतर समजावलं. हृदयाच्या शिरेतल्या नळीसाठीची ती गोळी चालू असताना आत चिरलं की रक्त थांबत नाही. छातीच्या पट्टीत, म्हणजे ईसीजीत, काही दिसलं नव्हतं, रक्ताच्या साध्या तपासणीत ती गोळी कळत नाही. माणूस स्वतः नाही म्हणतो, तर डॉक्टरने कुठून शोधावं? शिवाय ऑपरेशन झालं असतं तर कागदावर हरिदासची पिशवी गेली असती. उद्या हरिदासचंच पोट दुखलं असतं तर कॉम्प्युटर म्हणाला असता, पिशवी काढून झाली, दुखतंच कसं?

पण त्या दिवशी कोणी मला हार घातले नाहीत. वैशालीने मंजुरी परत पाठवली. तक्रार करावीच लागेल म्हणाली. मग मॅडम बोलल्या की इलाज सुरू झाला नव्हता, तेव्हा दोघा भावांकडून लेखी घेऊन तिने तेवढ्यावर थांबवलं. हरिदास फाटकाशी मला गाठून म्हणाला, “मामा, आमचं काम बिघडवलं तुम्ही. भावाले दुखून राहिलं आन तुम्ही नाव विचारत बसले.”

“नाव विचारलं म्हणून तो दुखाले तरी उरला,” मी म्हणालो. पण बोललो तेवढा मी आतून घट्ट नव्हतो. मॅडमनी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला होता. ती गोळी सात दिवस बंद ठेवून मग ऑपरेशन करायचं ठरलं. या सात दिवसांत पिशवी पिकली तर? पोटात फुटली तर? मग हरिदासचं बोलणं खरं झालं असतं. चुकीच्या नावाने का होईना, आज ऑपरेशन होत होतं, ते मी अडवलं. दामोदरला औषधं देऊन घरी पाठवलं, ते घर साकोलीपलीकडे, आणि मी कारध्याला. घरात पाण्याचा तांब्या उचलला की तोच विचार यायचा.

चौथ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. बस धरून साकोलीला गेलो आणि निरोप धाडून बोलावलेल्या हरिदासला घेऊन तहसीलमध्ये उभा राहिलो. कार्डाच्या टेबलावरचे बाबू मान वर न करता म्हणाले, “उद्या या.”

“उद्या मी ड्युटीवर. आज देऊनच टाका.”

“साहेब नाहीत.”

“येतील. मी बसतो.”

जेवणाच्या सुट्टीत ते उठले, परत आले, मी तिथंच. त्यांनी चष्मा काढून पाहिलं. “तुम्ही दामोदरचे कोण?”

“त्यायची गाडी ढकलतो.”

“ड्रायव्हर?”

“तसंच समजा.”

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. मग त्यांनीच अर्ज शोधून दिला. दोन टेबलं सोडून तिसऱ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात होता, एक सही बाकी. साहेब साडेतीनला आले, सही झाली. कागद हातात पडल्यावर हरिदासने मला चहा पाजला. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, “भाऊ आज बरा हाये मामा. पेज पेला.” त्या परतीच्या रस्त्याला मला चांगली झोप लागली, कारध्याचा फाटा येईपर्यंत.

वैशालीने नव्या कार्डावर दामोदरच्या नावाने कागद पाठवले, मंजुरी आली. आठव्या दिवशी त्याचं ऑपरेशन लागलं. यावेळी बायकोने दारातच सगळ्या गोळ्या, नागपूरची फाईल, सगळं काढून मॅडमच्या हातात दिलं. मी गाडी लावली. दामोदरने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, छातीतली नळीही सांगितली. वरच्या मजल्यावरच्या दारापाशी मी त्याला सिस्टरच्या हवाली केलं. आत गेला.

त्या काळात मी कितीतरी माणसं त्या दारातून आत सोडली. सोडली की खाली जायचं, दुसरी गाडी लावायची, असंच असतं. त्या दिवशी मी खाली गेलो नाही. जिन्याच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या वॉर्डच्या माणसाला म्हटलं, माझ्या गाड्या तू सांभाळ. तो पाहतच राहिला, कारण मी आजारी असतानाही कोणाला गाडी दिली नव्हती. दामोदरची बायको आणि हरिदास समोरच्या बाकावर. तासाभराने सिस्टर बाहेर आली, रक्ताची बाटली मागवते की काय म्हणून मी पायरीवरून उठलो. ती कापूस घेऊन परत आत गेली.

मग मॅडम आल्या. तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला.

“झालं,” म्हणाल्या. “रक्त फारसं गेलं नाही. शुद्धीवर येतोय.”

हरिदासने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची वहिनी बाकावरून उठली, बसली, परत उठली. मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मामा, त्या दिवशी आपण चिरलं असतं ना…” आणि जिना उतरून गेल्या. मलाही पुढचं ऐकायचं नव्हतं.

दामोदरला वॉर्डात आणलं. तो ग्लानीत होता, पण ओठ ओले करायला पाणी मागत होता. ते अजून द्यायचं नव्हतं. मी ओला कापूस ओठांना लावला. मग व्हरांड्यात येऊन बसलो आणि पोटात खड्डा पडल्याचं कळलं. सकाळी घरून निघताना मी काही खाल्लं नव्हतं, बायकोने दिलेलं ताट तसंच ठेवून आलो होतो.

दामोदरच्या बायकोने गाठोडं सोडलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, कांदा. माझ्यापुढे पत्रावळ मांडली.

“दवाखान्यात पेशंटच्या घरचं खाची मनाई हाये,” मी म्हणालो.

“खा ना जी मामा,” हरिदास म्हणाला. “आज कोणी नाव विचारत नाही.”

बाईने भात वाढला. मी पुरे म्हटलं नाही. तिने परत वाढला. तिघंही जेवलो, व्हरांड्याच्या सावलीत, आणि आत दामोदर कण्हत होता. जिवंत माणसाचं कण्हणं ऐकत मी आयुष्यात इतका भात कधी खाल्ला नाही.